थ्रेड : टिळकांना संग्रहालयात ठेवू नका, सिडनीला वेदीवर बसवू नका

१/ मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये सध्या एक वाद धुमसतो आहे. रविवारच्या उपासनेत नवी गाणी घ्यावीत, की 'उपासना संगीत' या जुन्या गीतसंग्रहालाच धरून राहावे? एका बाजूला पेटी-तबल्याचा आग्रह धरणारे वडीलधारे, तर दुसऱ्या बाजूला गिटार, ड्रम आणि प्रोजेक्टर घेऊन उभे असलेले तरुण. दोन्ही पक्ष इतिहासाची साक्ष काढतात. या थ्रेडचा दावा असा की दोघांचीही साक्ष खोटी आहे आणि तिची किंमत मराठी भाषा मोजते आहे.

२/ आधी एक खुलासा. मी इतिहासाचा विद्यार्थी आहे आणि लहानपणापासून अशाच एका मंडळीत गात आलो आहे. गेल्या वर्षी गायन समितीच्या एका बैठकीला बसण्याचा योग आला. दोन तास चर्चा झाली. गाणे जुने की नवे, यावर प्रत्येक जण बोलला. ते कोणी लिहिले, मुळात कोणत्या भाषेत लिहिले आणि मागच्या बाकावरच्या आजींना ते गाता येईल का, हे तीन प्रश्न एकदाही निघाले नाहीत. म्हणून हा खटाटोप.

३/ प्रथम जुन्याच्या पक्षाकडे वळू. "आपल्या पूर्वजांनी जे गायिले तेच आपण गावे" हा त्यांचा मुख्य युक्तिवाद. ऐकायला भारदस्त आहे, पण इतिहासात त्याला फारसा आधार नाही. ज्या गीतांना आज 'जुनी' म्हणून मान आहे, त्यांतील बहुतेक जन्मली तेव्हा बंडखोर ठरली होती. सतराव्या शतकातील इंग्लंडमध्ये अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांचा ठाम समज होता की उपासनेत गायचीच असतील तर पवित्र शास्त्रातील स्तोत्रे गावीत. माणसाने रचलेले गीत देवापुढे म्हणणे हा उद्धटपणा.

४/ लंडनच्या हॉर्सलीडाउन येथील बॅप्टिस्ट पाळक बेंजामिन कीच यांनी प्रभुभोजनानंतर एक गीत गाण्याची प्रथा पाडली आणि पुढे १६९१ च्या सुमारास दर आठवड्याच्या उपासनेत गायन आणले. परिणाम काय झाला? पत्रकयुद्ध पेटले आणि काही सभासद मंडळी सोडून गेले. वाद गिटारचा नव्हता, ड्रमचाही नव्हता. एकत्र गावे की नाही, एवढाच होता.

५/ आयझॅक वॉट्स यांचा गीतसंग्रह १७०७ मध्ये आला आणि १७१९ मध्ये त्यांनी स्तोत्रांची स्वतंत्र रूपांतरे प्रसिद्ध केली. दाविदाला ख्रिस्ती माणसासारखे बोलायला लावतो, असा आक्षेप त्यांच्यावर आला. आज नाताळात जगभर गायिले जाणारे 'जॉय टू द वर्ल्ड' याच १७१९ च्या पुस्तकातले, ९८ व्या स्तोत्रावर आधारलेले. त्या काळचे ते 'समकालीन उपासना संगीत'च होते.

६/ अटलांटिकच्या पलीकडची गंमत याहून मोठी. १७२० च्या दशकात न्यू इंग्लंडमध्ये वाद पेटला तो स्वरलिपी वाचून गावे की जुन्या, ऐकीव पद्धतीने, यावर. टॉमस सिम्स या पाळकाने विरोधकांचे आक्षेप नोंदवून ठेवले आहेत. ही पद्धत नवी आहे, जुनीइतकी गोड नाही, चाली इतक्या की शिकून संपणार नाहीत, हा पैसे काढण्याचा डाव आहे, तरुण मुले गाणे शिकण्याच्या निमित्ताने रात्री बाहेर राहतात. तीनशे वर्षांपूर्वीची ही यादी आजच्या कोणत्याही पंच कमिटीच्या इतिवृत्तात बेमालूम खपून जाईल.

७/ खुद्द चर्च ऑफ इंग्लंडमध्येही १८२० पर्यंत उपासनेतील गीतांना कायदेशीर मान्यता आहे की नाही, हे धड ठरलेले नव्हते. शेफील्डचे धर्मगुरू टॉमस कॉटरिल यांनी मंडळीत नवे गीतपुस्तक आणले म्हणून त्यांच्यावर यॉर्कच्या धर्मन्यायालयात खटला झाला. ते पुस्तक मागे घेऊन आर्चबिशपच्या संमतीने दुसरे काढावे लागले. त्यानंतर चाळीसच वर्षांनी, १८६१ मध्ये, 'हिम्स एन्शंट अँड मॉडर्न' निघाले आणि घरोघर पोहोचले. नावातला 'मॉडर्न' हा शब्द नीट पाहा.

८/ आता वाद्ये. "गिटार देवळात शोभत नाही" असे म्हणणाऱ्यांसाठी : 'सायलेंट नाइट' हे गीत २४ डिसेंबर १८१८ रोजी ऑस्ट्रियातील ओबर्नडॉर्फ येथे प्रथम गायिले गेले, तेव्हा साथीला गिटारच होती.

आणि आपली ती लाडकी 'देशी' पेटी? हार्मोनियम १८४० च्या सुमारास पॅरिसमध्ये घडली. मिशनरींच्या सामानातून ती हिंदुस्थानात रुळली आणि कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी तिला हाताने भाता चालवण्याचे रूप दिले. १९४० पासून सुमारे तीन दशके आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली होती, कारण ती भारतीय संगीताला परकी आहे, असे जाणकारांचे मत होते. दोन-तीन पिढ्यांत परके वाद्य इतके आपले झाले की आता त्याच्या नावाने दुसऱ्याला परके ठरवता येते!

९/ "नव्या गाण्यांत तीच ओळ पुन्हापुन्हा घोळवतात" हा आक्षेप तर मराठी माणसाने घेऊच नये. ध्रुवपद घोळवणे, टाळकऱ्यांनी ओळ उचलणे, एका नामावर अर्धा तास रंगणे ही आपल्या भजनाची शतकानुशतकांची रीत आहे. पुनरावृत्ती हा दोष नाही. पुन्हापुन्हा म्हणावे असे त्या ओळीत काही आहे का, एवढाच प्रश्न.

१०/ येथवर वाचून तरुण पक्षाला उकळ्या फुटल्या असतील. थांबा. आता तुमची पाळी.

जुन्याच्या पक्षाचा सर्वांत मोठा अपराध वेगळाच आहे : त्यांनी नारायण वामन टिळकांना गोठवले. आणि तुमचा अपराध असा की तुम्ही टिळकांना वाचलेच नाही.

११/ टिळक (१८६१–१९१९) यांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्या काळी मराठी ख्रिस्ती उपासनेत इंग्रजी वृत्तांत कोंबलेल्या आणि इंग्रजी चालींवर म्हटल्या जाणाऱ्या अनुवादित गीतांचा भरणा होता. टिळकांच्या आधीच्या पिढीत नगरच्या कृष्णा रत्नाजी सांगळे यांनी देशी चालींची वाट चोखाळली होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नगर परिसरात ख्रिस्ती कीर्तनेही होऊ लागली होती. टिळकांनी या वाटेचा हमरस्ता केला. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते मोकळेपणाने सांगत. अभंग, ओवी, भजन या रूपांत त्यांनी उपासना बांधली. 'अभंगांजली' लिहिली, 'ख्रिस्तायन' आरंभले. ते अपुरे राहिले, तेव्हा लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेऊन पुरे केले.

१२/ म्हणजे टिळक हे त्यांच्या काळातील सर्वांत आधुनिक गीतकार होते. परदेशी मिशनच्या चौकटीतील अनुवादित उपासनेला त्यांनी दिलेले ते उत्तर होते. अखेरच्या काळात, १९१७ मध्ये, ते मिशनच्या नोकरीतूनही बाहेर पडले आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' ही कल्पना मांडली. अशा माणसाच्या नावाने "आता यापुढे नवे काही नको" असे म्हणणे हा त्याचा सन्मान नव्हे. टिळकांच्या मागे जायचे असेल, तर टिळकांनी केले ते करावे लागेल : आपल्या काळातील, आपल्या भाषेतील नवी गीते लिहावी लागतील.

१३/ आणि हे कोणी करते आहे का? तरुण मंडळींनो, तुम्ही जी 'नवी' म्हणून आणता ती गाणी मराठीत जन्मलेली नसतात. सिडनी, कॅलिफोर्निया, नॉर्थ कॅरोलायना येथे ती जन्मतात, यूट्यूबवर गाजतात, कोणीतरी घाईने शब्दाला शब्द बसवतो आणि रविवारी ती पडद्यावर झळकतात. टिळकपूर्व काळाची ही हुबेहूब पुनरावृत्ती आहे. फरक इतकाच की तेव्हा ती परदेशी मिशनरीने आणली होती, आता आपण स्वतः डाउनलोड करतो.

१४/ अनुवादित गाण्याची नेमकी अडचण कोठे येते? इंग्रजी गाण्याची चाल शब्दातील आघातावर उभी असते. मराठी शब्दांचा तोल ऱ्हस्व-दीर्घावर. 'पिता' या शब्दात पहिले अक्षर लघु, दुसरे गुरु. परकी चाल लांब स्वर पहिल्या अक्षरावर ठेवते आणि 'पिता'चा 'पीता' होतो. 'दया'ची 'दाया' होते, 'कृपा'ची 'क्रूपा'. पाठोपाठ क्रियापद मिळेल त्या जागी जाऊन बसते आणि मराठी शब्द सापडला नाही की हिंदी शब्द उसना येतो. तेराव्या शतकापासून ओवी-अभंग घडवलेल्या भाषेवर ही वेळ यावी?

१५/ दुसरी अडचण गळ्याची. ही गाणी मुळात ध्वनिमुद्रणासाठी आणि मोठ्या रंगमंचासाठी बांधलेली असतात. पहिले कडवे खर्जात कुजबुजत, शेवट वरच्या पट्टीत टिपेला. सराव असलेला एक गायक ते पेलतो. मंडळी आधी खाली घसरते, मग वर अडकते आणि शेवटी ऐकत उभी राहते. मंडळीचे श्रोत्यांत रूपांतर झाले की सामुदायिक गायनाची परंपरा संपली. मग पेटी वाजली काय आणि गिटार वाजली काय!

१६/ तिसरी गोष्ट पैशाची, आणि ती इतिहासाच्या विद्यार्थ्याने सांगितलीच पाहिजे. कोणती गाणी जगभर पसरतात, हे ठरवणारी एक यंत्रणा आहे.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात हिप्पी तरुणांमध्ये 'जीझस चळवळ' उभी राहिली आणि तिच्यातून १९७१ मध्ये 'मॅरानाथा म्यूझिक' निघाली. गाणी गिटारवर बसवलेली, साधी, घरगुती होती. मात्र चर्चमध्ये त्यांच्या छायाप्रती बेधडक निघत. एका कॅथलिक गीतप्रकाशकाने १९७६ मध्ये शिकागोच्या धर्मप्रांतावर दावा ठोकला. १९८४ मध्ये ज्यूरीने ३० लाख डॉलरांहून अधिक भरपाई ठरवली. पुढे अपिलात निकालाचा मोठा भाग टिकला नाही, पण चर्चना धडकी भरायची ती भरलीच.

१७/ या पार्श्वभूमीवर १९८८ मध्ये सीसीएलआय ही परवाना देणारी संस्था आली. चर्चने वर्षाची वर्गणी भरायची, कोणती गाणी वापरली ते कळवायचे आणि त्यानुसार हक्कधारकांना मानधन मिळायचे. व्यवस्था न्याय्य आहे, गीतकाराला मोबदला मिळालाच पाहिजे. पण या नोंदींतून 'सर्वाधिक गायिल्या जाणाऱ्या गाण्यांची यादी' निर्माण झाली आणि तीच निवडीचा निकष होऊन बसली. यादीत आहे म्हणून गातात, गातात म्हणून यादीत राहते.

१८/ २०१० ते २०२० या काळात अशा आघाडीच्या याद्यांत चढलेल्या ३८ गाण्यांचा काही अमेरिकी अभ्यासकांनी माग काढला. त्यांतील ३६ गाणी बेथेल, हिलसाँग, पॅशन आणि एलेव्हेशन या चार मोठ्या मंडळ्यांशी जोडलेली निघाली. चार! जगातील कोट्यवधी ख्रिस्ती लोकांचे दुःख, कृतज्ञता, पश्चात्ताप आणि आशा यांना शब्द देण्याचा मक्ता चार ठिकाणी. दुष्काळात विहीर आटलेल्या माणसाची विनवणी, ऊसतोडीला गेलेल्या घराची वाट पाहणे, जातीवरून मिळालेला अपमान हे त्या गाण्यांत नाही. त्यांनी ते लिहिण्याची अपेक्षाही नाही. ते आपण लिहायचे असते.

१९/ "पण मुलांना मराठी आवडत नाही, त्यांना तो आवाज हवा असतो." हे ऐकून मला हसू येते. २०१६ साली 'सैराट'च्या गाण्यांवर हीच मुले बेभान नाचत होती. अजय-अतुल यांनी त्या चित्रपटासाठी पाश्चात्त्य सिंफनी वाद्यवृंद लॉस एंजेलिसमध्ये ध्वनिमुद्रित केला आणि त्याच चित्रपटात 'झिंगाट'ही वाजले. शब्द अस्सल मराठी, ठेका अस्सल मातीतला. अडचण भाषेत नाही. आपण कवीला आणि संगीतकाराला काम देत नाही, ही अडचण आहे. आणि एखादी मंडळी खरोखर इंग्रजीत जगत असेल, तर तिने इंग्रजी उपासना खुशाल इंग्रजीत करावी. आक्षेप आहे तो मराठीच्या नावाखाली चाललेल्या उसनवारीला.

२०/ देशातील इतरांनी काय केले, तेही पाहा. तंजावरला वेदनायगम शास्त्री (१७७४–१८६४) यांनी ख्रिस्ती तमिळ गीते कर्नाटक संगीताच्या रागांत बांधली. पंजाबात इमामुद्दीन शाहबाज यांनी स्तोत्रे पंजाबी छंदांत उतरवली आणि ती तिथल्याच चालींवर बसवली गेली. हे 'पंजाबी जबूर' १९०८ मध्ये पूर्ण रूपात प्रसिद्ध झाले आणि सीमेच्या दोन्ही बाजूंना आजही गायिले जाते. कॅथलिक चर्चनेही दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या ४ डिसेंबर १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजात स्थानिक संगीतपरंपरांना मानाचे स्थान देण्यास सांगितले. मग आपणच मागे का?

२१/ एक अवघड गोष्ट टिळकप्रेमींनाही विचारतो, आणि यात मी स्वतःलाही धरतो. नगर जिल्ह्यातील बहुसंख्य ख्रिस्ती कुटुंबे मूळची महार आणि मांग समाजातील. आपल्या गीतसंग्रहात वारकरी अभंग आला, कीर्तन आले, रागदारीही आली. हलगीला किती जागा मिळाली? शाहिरीला? जात्यावरच्या बायकांच्या ओव्यांना? 'देशी' म्हणून जे स्वीकारले, त्यातही कोणाचे देशी आणि कोणाचे नाही, ही निवड झालीच होती. नवे गीत लिहायचे तर ही राहून गेलेली दारे उघडण्याची संधी आहे. जुने तेवढे जपू म्हणणारा ती बंद ठेवतो आणि अनुवाद आणणाऱ्याला ती दिसतही नाहीत.

२२/ आता सर्वांत जुनी साक्ष. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या टॉमस स्टीफन्स या इंग्रज येशूसंघीयाने १६१६ मध्ये 'ख्रिस्तपुराण' प्रसिद्ध केले. सुमारे अकरा हजार ओव्या, त्याही मराठीत. जुनी पुराणे सुटलेल्या नवख्रिस्ती लोकांना स्वतःच्या भाषेत ऐकायला, गायला काही हवे होते, म्हणून हा खटाटोप. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढले की स्थानिकांनी तीन वर्षांत मातृभाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. तरीही 'ख्रिस्तपुराण' हस्तलिखितांतून आणि लोकांच्या मुखातून तगून राहिले आणि १९०७ मध्ये मंगळूरला पुन्हा छापले गेले.

२३/ फर्मानाने जे मरले नाही, ते आळसाने मरू शकते. आज कोणी व्हाइसरॉय नाही. मराठी गाऊ नका असे सिडनीहून कोणीही सांगत नाही. आपणच शनिवारी रात्री अकरा वाजता दोन दुवे पाठवतो आणि रविवारचा निर्णय होऊन जातो.

२४/ म्हणून गायन समित्यांना माझी मागणी स्पष्ट आहे.

गाणे निवडताना आधी शब्द वाचा, चालीशिवाय, मोठ्याने. मराठी म्हणून ते उभे राहत नसेल तर बाजूला ठेवा.

मग वाद्ये बंद करून ते मंडळीकडून म्हणवून घ्या. वाद्यांशिवाय विरघळून जाणारे गाणे मंडळीचे नाही. पट्टी गायकाच्या सोयीने ठरवू नका, मंडळीच्या गळ्याने ठरवा.

बाहेरचे एक गाणे घेतले तर आपल्यातील कोणाकडून तरी एक लिहून घ्या. त्याला किंवा तिला मानधन द्या आणि पडद्यावर नाव लिहा.

समितीत आजी हवी आणि सोळा वर्षांची मुलगीही. सहा महिने गाऊन पाहा. जे लोकांच्या ओठांवर, भांडी घासताना, एसटीत येते ते ठेवा. बाकीचे सोडून द्या, मग ते टिळकांच्या काळातील असो वा कालचे.

२५/ शेवटी एवढेच. स्तोत्रसंहितेतील ९६ वे आणि ९८ वे स्तोत्र नवे गीत गाण्याची हाक देते. ही हाक जुन्याच्या पक्षाने ऐकलीच नाही. नव्याच्या पक्षाने ऐकली, पण गाणे दुसऱ्याने लिहावे आणि आपण पडदा लावावा, असा तिचा अर्थ लावला. टिळक गेल्याला शंभर वर्षे उलटून गेली. त्यांची गीते आता कोणाच्या मालकीची नाहीत, ती सर्वांची आहेत. पुढच्या शंभर वर्षांनी कोणी इतिहासाचा विद्यार्थी आपल्या काळातील मराठी उपासनेचा शोध घेईल, तेव्हा त्याला आपल्या हातचे काय सापडेल? अनुवादांची फाइल सापडू नये, एवढी माझी इच्छा आहे.

थ्रेड समाप्त. तुमच्या मंडळीत, तुमच्या गावात कोणी लिहिलेले आणि कोठेही न छापलेले एखादे मराठी गीत असेल, तर आज ते वहीत उतरवून ठेवा. ज्यांना ते येते, त्यांच्याकडूनच. उशीर करू नका.